फ्लामेंको गिटार शिकायची तर आधी बोटं की आधी ताल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: काही वर्षं स्टीलच्या तारांची साधी गिटार वाजवता, शाळेत असताना तबल्याच्या दोन परीक्षा दिल्या आहेत, आणि स्पॅनिश गिटारवादक पाको दे लुसियाचं 'एन्त्रे दोस आग्वास' ऐकल्यापासून फ्लामेंकोचं वेड लागलंय. यूट्यूबवर बघून रास्गेआदो (बोटं झटकून तारा छेडणं) बसवायला घेतला, बोटं बऱ्यापैकी चालतात, पण ऐकायला ते फ्लामेंको वाटत नाही. तर सुरुवात कुठून करावी, नोटेशन यायला हवं का, वेगळी गिटार घ्यावी का आणि वर्षभरात ती धून येईल का?

माझं म्हणणं, बोटं काही दिवस बाजूला ठेवा आणि टाळी द्यायला शिका. हे का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

फ्लामेंको म्हणजे स्पेनच्या दक्षिणेकडच्या आंदालुसियाचं गाणं, नाच आणि गिटार. कादिस, खेरेस, सेवियातली त्रियाना वस्ती, ही त्याची माहेरं. तिथे गिटार होती ती गाणाऱ्याच्या आणि नाचणाऱ्याच्या साथीला. एकट्याने मंचावर बसून गिटार ऐकवायची वाट रुळली ती रामोन मोंतोया (1879–1949) आणि त्याच्या नंतरच्या लोकांमुळे, म्हणजे बरीच उशिरा. म्हणूनच तिथले जुने लोक शिकण्याचा क्रम असा सांगतात: आधी नाचाला साथ करा, मग गाण्याला, आणि एकल वादन सगळ्यात शेवटी. नोकरीसाठी मी माद्रिदला राहत होतो तेव्हा ज्यांच्याकडे शिकायला जायचो त्यांचंही हेच मत होतं. माद्रिदमध्ये 'आमोर दे दिओस' ही नाचाची नावाजलेली शाळा आहे. अशा शाळांतून कोपऱ्यात एक गिटारवाला बसलेला असतो आणि तासभर तेच आवर्तन धरून असतो. तुमची बोटं किती पळतात याच्याशी तिथे कुणाला देणंघेणं नसतं. नर्तिकेने पायाने 'यामादा' दिली, म्हणजे आता मी थांबणार अशी खूण केली, की तिच्याबरोबर तुम्ही थांबलात की नाही, एवढंच बघतात.

यूट्यूबवर आपण नेमका हाच क्रम उलटा करतो. आधी सर्वांत अवघड एकल तुकडा, मग तंत्र, आणि ताल जमलाच तर शेवटी. तुम्हाला जे 'फ्लामेंको वाटत नाही', ते बहुतेक इथेच अडलंय.

आता ताल. तिथे त्याला कोंपास म्हणतात. त्यातला मुख्य परिवार 12 मात्रांचा. त्यात सगळ्या प्रकारांची आई मानतात ती सोलेआ. तिच्यात वजन येतं 3, 6, 8, 10 आणि 12 या मात्रांवर. एक ते बारा सावकाश म्हणत नेमक्या या पाच जागी टाळी द्या. मिनिटाला 60 ठोके ठेवा, त्याहून जलद नको. दोन-चार आवर्तनांतच कळेल की मोजणं सोपं आहे, पण त्यात स्वस्थ बसणं अवघड आहे.

तबला झालेल्या माणसाला इथे एक सोय आहे आणि एक सापळा. सोय अशी की हे अंक बाजूला ठेवून बोलांत म्हणता येतं. बाराव्या मात्रेपासून सुरू केलंत तर आवर्तन असं पडतं: तकिट तकिट तक तक तक. तीन, तीन, दोन, दोन, दोन. बुलेरिआस या जलद प्रकारात बरेच लोक असंच बारापासून मोजतात. आता याच माळेत आठव्या मात्रेपासून शिरा: तक तक तकिट तकिट तक. झाली सेगिरिया! फ्लामेंकोतला सर्वांत गंभीर, काळीज पिळवटणारा प्रकार. तिकडे नवशिके 'पाच लहानमोठ्या मात्रा' असं घोकत बसतात आणि तरी गडबडतात. तकिट-तक तोंडात बसलेल्या आपल्या माणसाला हे एका बैठकीत उमगतं. मला तरी फ्लामेंकोतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते की सोलेआ आणि सेगिरिया या इतक्या वेगळ्या मनःस्थिती एकाच चक्राच्या दोन दारांतून आत येतात.

सापळा समेचा आहे. आपण तिहाई घेऊन एकावर येतो, तिथे दाद मिळते, जीव खाली पडतो. एकताल बारा मात्रांचाच असल्यामुळे तुमचं शरीर सोलेआतही एकावर कोसळू बघणार. पण इथे वाक्य संपतं ते दहावर. त्याला रेमाते म्हणतात. अकरा आणि बारा म्हणजे नंतरचा श्वास. तिथे कधी नुसती शांतता असते, कधी टाळी, कधी पुढच्याची तयारी. आणि एक ही मात्रा बऱ्याचदा रिकामीच जाते. ही सवय मोडायला वाजवून उपयोग नाही, ऐकावं लागतं. कामारोन दे ला इस्लाचं (1950–1992) गाणं लावा, मागे गिटारीवर पाको किंवा तोमातितो असेल, आणि दहावर बोट आपटत बसा. सुरुवातीला दहा कुठे आहे तेच सापडणार नाही. सापडायला लागला की कान बदलला म्हणून समजा.

टाळ्यांचेही दोन प्रकार आहेत. एका तळहातावर दुसऱ्या हाताची बोटं मारून येते ती कडक, चटचटीत. दोन्ही तळवे खोलगट करून येते ती दबकी. गायक किंवा गिटारवादक हळू आवाजात असेल तर दबकी द्यायची, हा तिथला साधा शिष्टाचार. दोघं असाल तर एकाने मात्रेवर आणि दुसऱ्याने दोन मात्रांच्या मधोमध टाळी द्यायची. मधोमधची टाळी सुटू न देता दहा मिनिटं देता आली, तर बुलेरिआसच्या गिटारीचं निम्मं काम झालं. बुलेरिआस मिनिटाला 200 मात्रांच्याही पुढे जाते, त्यामुळे तिथे मोजणं शक्यच नसतं. खेरेसचे लोक तर तिच्यात सहा-सहा मात्रांचे अर्धे कोंपासही सहज मिसळतात.

बाकीचे प्रकार इथे फार सांगत नाही. आलेग्रिआस कादिसची, कोंपास सोलेआचाच पण सूर मेजर आणि मिजास आनंदी. तांगोस आणि रुंबा चार मात्रांचे. या तांगोसचा अर्जेंटिनाच्या टँगोशी गोंधळ करू नका. तारांता, ग्रानाईना वगैरे मुक्त लयीचे आहेत, त्यांच्या वाटेला इतक्यात जाऊ नका.

गिटार हातात घ्याल तेव्हा पहिले काही आठवडे सोलेआचे फक्त दोन कॉर्ड पुरेत: ई मेजर आणि एफ मेजर. ई वर सुरुवात, तीनवर एफ, दहावर परत ई. एवढंच. बुलेरिआस बहुधा 'पोर मेदिओ' म्हणजे ए वरून वाजवतात, तिथे तीनवर बी फ्लॅट आणि दहावर ए. स्वर तुम्हाला परके वाटणार नाहीत. ई ला षड्ज धरलात तर ही सप्तकाची मांडणी भैरवी थाटाची आहे, आणि ई मेजर कॉर्डमधला शुद्ध गंधार आला की बसंत मुखारीची आठवण होते. मात्र तेवढ्यावरून राग आळवायला बसू नका. इथे सगळा खेळ कॉर्ड कुठल्या मात्रेवर पडतो याचा आहे.

आता तंत्र. रास्गेआदो म्हणजे बोटं बाहेर झटकून तारा छेडणं. करंगळी, अनामिका, मधलं आणि तर्जनी अशी एकामागून एक बोटं उघडतात. अडचण अशी की बोटं मिटणारे स्नायू आपण दिवसभर वापरतो, उघडणारे फारसे नाही. म्हणून करंगळी आणि अनामिकेचा आवाज दुबळा येतो आणि तर्जनी धाडकन वाजते, आणि चार सारख्या ठोक्यांऐवजी एक घसरडा फर्राटा ऐकू येतो. उपाय कंटाळवाणा आहे: हळू वाजवा, चारही ठोके सुटे आणि सारखे ऐकू आले पाहिजेत. पण त्याआधी नुसत्या तर्जनीने खाली-वर वाजवून पूर्ण सोलेआ धरा. खेरेसची आणि मोरोन गावची जुनी मंडळी कितीतरी वाजवणं तर्जनी आणि अंगठ्यावरच करत आली आहेत. खेरेसच्या मोराईतोचं (1956–2011) वादन बघा. हात जेमतेम हलल्यासारखा दिसतो आणि कोंपास मात्र भिंतीसारखा उभा. मोरोनचा दिएगो देल गास्तोर (1908–1973) तर अगदी मोजके स्वर वाजवायचा, तरी परदेशांतून लोक त्याच्याकडे शिकायला यायचे.

अंगठ्यावर वेळ घालवा, असा माझा आग्रह आहे. इथे अंगठा तार छेडून हवेत उठत नाही, खालच्या तारेवर जाऊन टेकतो. जोर बोटाच्या पेरातून कमी आणि मनगटातून जास्त येतो. यातूनच पुढे अल्सापुआ येतो: अंगठ्याने एक खर्जातला स्वर, मग त्याच अंगठ्याने तारांवरून खाली आणि लगेच वर. अंगठाच मिजराबीचं काम करतो म्हणा ना. हे तंत्र दुसऱ्या कुठल्या गिटारीत तुम्हाला क्वचितच दिसेल, आणि ते नीट आलं की इतर काही न येताही वादनाला आंदालुसियाचा वास येतो.

गोल्पे म्हणजे अनामिकेने गिटारीच्या पाटीवर दिलेली टिचकी, बऱ्याचदा तर्जनीच्या ठोक्याबरोबरच. हे मात्र साध्या क्लासिकल गिटारीवर करू नका, वरची स्प्रूसची पाटी मऊ असते, खड्डे पडतात. फ्लामेंको गिटारीला त्या जागी गोल्पेआदोर नावाचा पातळ पारदर्शक पत्रा चिकटवलेला असतो. तो सुटा आणून लावताही येतो.

पिकादो, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटाने आळीपाळीने घेतलेल्या जलद ताना, त्याच्याच मागे सगळे धावतात कारण पाकोने ते विजेच्या वेगाने करून ठेवलंय. त्याची घाई करू नका. त्रेमोलोचंही तसंच, फक्त एक लक्षात असू द्या, क्लासिकलमध्ये अंगठ्यामागे तीन स्वर येतात, इथे चार. अंगठा, तर्जनी, अनामिका, मधलं, तर्जनी. कोपराखाली किंवा मनगटात दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबा, ओढून वाजवू नका.

नोटेशनचं म्हणाल तर फ्लामेंको पिढ्यान्‌पिढ्या कानांवर आणि समोरच्याच्या हातांकडे बघून शिकलं गेलंय. खुद्द पाकोला (1947–2014) स्टाफ नोटेशन सफाईने वाचता येत नव्हतं, आणि तरी 1991 मध्ये त्याने स्पॅनिश संगीतकार रोद्रिगोची 'आरांख्वेस' कॉन्चेर्तो बसवून खुद्द रोद्रिगोसमोर वाजवली. टॅब, म्हणजे कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते आकड्यांत दाखवणारी लिपी, वाचता येत असेल तर तुमचं भागेल.

गिटार वेगळी घ्यावी लागेल, कारण स्टीलच्या तारांवर यातलं जवळजवळ काहीच नीट होत नाही, नखं आधी जातात. पण लगेच नको. आधी कुणाची तरी नायलॉन तारांची क्लासिकल मागून आणा, गोल्पे सोडून सगळं तिच्यावर होतं. तिच्यावर सोलेआ टिकली तर मग फ्लामेंको गिटार बघा. तिच्या पाठीला आणि बाजूंना परंपरेने सायप्रसचं हलकं लाकूड असतं, आवाज कोरडा, तुटक, पटकन विझणारा. बाराव्या पट्टीवर (फ्रेटवर) खर्जाची तार साधारण 3 मिलिमीटर किंवा त्याहून खाली असते, क्लासिकलमध्ये 4 च्या आसपास. त्यामुळे डावा हात सुखावतो आणि तारांची थोडी खरखर येते. ती इथे दोष मानत नाहीत. यामाहा, कोर्दोबा, आलांब्रा या कंपन्यांची फ्लामेंको मॉडेलं आहेत. सेहिया, म्हणजे कापो, गिटारीच्या गळ्यावर लावायचा चिमटा, पहिल्याच दिवशी घ्या. गायकाच्या सुराच्या पट्टीसाठी तो लागतोच, शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर लावला की नवशिक्याला ताण कमी पडतो. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात गिटार केसमध्येच ठेवा, आत सिलिका जेल टाका. दमटपणाने लाकूड फुगतं आणि तारा वर चढतात. पुण्याच्या, विदर्भाच्या उन्हाळ्यात उलट कोरडेपणाने तडा जायची भीती.

शिक्षक जवळपास मिळणं कठीण, म्हणून ऑनलाइन शोधा. स्पेन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे आहे. तिथला संध्याकाळी पाचचा वर्ग आपल्याकडे साडेआठ-साडेनऊला येतो, नोकरी सांभाळून जमतं. शिक्षक निवडताना एकच बघा: पहिल्या तासाला तो तुमच्याकडून टाळ्या वाजवून घेतो की थेट टॅब पाठवतो. टॅब पाठवणाऱ्याकडे जाऊ नका.

राहता राहिली ती धून. 'एन्त्रे दोस आग्वास' 1973 च्या 'फुएन्ते इ काउदाल' अल्बममधली, आणि ती रुंबा आहे, म्हणजे चार मात्रा. बारा मात्रांच्या मानाने हे तुम्हाला सोपं जाईल. तिचा ठेका, तळहाताने तारा दाबून येणाऱ्या 'चक्' सकट, नियमित बसलात तर काही महिन्यांत धरता येईल. वरचे पिकादोचे तुकडे मूळ वेगात वर्षात येतील असं मी सांगणार नाही. अर्ध्या वेगात, ठेका न सोडता येतील. तेव्हा एखाद्या मित्राला ते तुकडे वाजवू दे आणि तुम्ही खालची रुंबा धरा, किंवा कहॉन (बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका) मिळाला तर तबल्याचा हात त्यावर चालवा. पाकोनेच तो 1970 च्या दशकाच्या शेवटी पेरूहून फ्लामेंकोत आणला.