नववीतली भाची ‘फेरी’ (इंग्रजी faerie) प्रेमकथा वाचते. त्यातल्या ‘फेरी’ म्हणजे आपल्या पऱ्याच का?

नाही. नाव परीचं, स्वभाव साती आसरांचा. साताऱ्यात आजी तिन्हीसांजेला विहिरीकडे फिरकू द्यायची नाही, तसलीच ही भीती. आयर्लंड-स्कॉटलंडच्या लोककथांतले हे लोक देखणे, पण माणसं पळवणारे. त्यांचं अन्न खाल्लं की परतणं अवघड. लोखंडाला मात्र वचकतात (आपणही बाळाच्या उशाशी सुरी ठेवतोच की!).

प्रेमाचा धागाही जुनाच. ‘टॅम लिन’ या स्कॉटिश लोकगीतात जॅनेट परीराणीच्या तावडीतल्या प्रियकराला मिठीत धरते. तो साप होतो, तापलेलं लोखंड होतो, ती सोडत नाही. आताच्या कादंबऱ्यांत बऱ्याचदा परीदरबारातला निर्दयी राजकुमारच नायक, ते मला खटकतं. भाचीच्या हाती देण्याआधी चाळून बघा. काही मालिका पुढच्या भागांत चांगल्याच प्रौढ होतात.