आठवी ग्रेड झाली, आता पुढे?

पियानोची आठवी ग्रेड, म्हणजे ग्रेड परीक्षांतली शेवटची पायरी, डिस्टिंक्शनने पास झालास, पेढे वाटलेस, छान. पण मैफलीत वाजवायचं तर खरी मेहनत आता सुरू. घरी अजून ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड असेल तर आधी तो बदल. खऱ्या पियानोसारख्या ८८ वजनदार पट्ट्यांशिवाय बोटं तयार होत नाहीत. खरा पियानो घेतलास तर मुंबईचा पावसाळा लक्षात ठेव. दमट हवेने आतलं लाकूड अन् फेल्ट (दाबलेली लोकर) फुगतं. माझ्याकडे जुलैत मधला सा दाबला की खालीच बसायचा. ट्यूनर येईपर्यंत मी जेवणाच्या टेबलावर बोटं चालवली आहेत! अवघड जागा एकेका हाताने, निम्म्या लयीत वाजव. मनगट दुखलं की थांब, हट्ट नको. एनसीपीएत, म्हणजे नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्रात, पियानोची मैफल असली की डावीकडची खुर्ची पकड, वादकाचे हात तिथूनच दिसतात.