व्हे की वाटाण्याचे प्रथिन?

बालेवाडीत कबड्डीचा सराव सुरू करताच प्रथिन पावडरचा कोणता डबा घ्यावा, व्हेचा (म्हणजे दुधातून काढलेल्या प्रथिनाचा) की वाटाण्याचा, असे तुम्ही विचारता. पण आधी दिवसभरातील प्रथिने मोजावीत, कारण सांघिक खेळाडूला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.४ ते २ ग्रॅम लागतात आणि डाळ, उसळ, दही, अंडी यांतूनच बराचसा वाटा मिळतो. व्हेमध्ये स्नायूंच्या बांधणीला चालना देणारे ल्युसिन हे अमिनो आम्ल अधिक असते, म्हणून व्हेतून २५ ग्रॅम प्रथिने घेत असाल, तर वाटाणा-तांदळाच्या मिश्रणातून ३० ते ३५ ग्रॅम घ्यावीत. मग फारसा फरक उरत नाही. (त्या मिश्रणाची चव मात्र माझ्या गळी अजून उतरलेली नाही.) दूध पचत नसल्यास व्हे आयसोलेट, म्हणजे दुधातील साखर बहुतांश काढून टाकलेले व्हे, बहुधा सोसते. स्पर्धेत उतरणाऱ्याने प्रतिबंधित द्रव्यांसाठी तपासलेल्या बॅचचाच डबा घ्यावा.