वाचक विचारतात : फ्योर्ड घोड्याची आयाळ, खोगीर आणि साज

पश्चिम नॉर्वेचा फ्योर्ड घोडा म्हणजे बदामी रंग, पाठीवरून शेपटीपर्यंत गेलेली गडद रेघ आणि ब्रशासारखी उभी कापलेली दुरंगी आयाळ. उंची साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर, वजन ४०० ते ५०० किलो. नॉर्वे, नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या मराठी वाचकांकडून या घोड्याबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

मुलगी ज्या घोडीवर बसते तिची आयाळ मी स्वतः कापली. रेषा अगदी सरळ आली, पण तबेल्यात सगळे म्हणतात, मान बेढब दिसते. काय चुकलं? (बर्गन)

रेषा सरळ आली, तिथेच चुकलं. फ्योर्डची मान वरच्या बाजूने कमानदार असते आणि आयाळ त्या कमानीवर बसली पाहिजे. दोन्ही टोकांना आखूड, मध्यावर सर्वांत उंच, म्हणजे चंद्रकोरीसारखी. सपाट कापली की मानेची कमान झाकली जाते आणि उरतो नुसता ठोकळा.

आयाळ आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळू द्या. ओले केस चिकटून बसतात आणि वाळल्यावर उंची बदलते. मग घोडीला सपाट जमिनीवर उभं करा, डोकं तिच्या नेहमीच्या उंचीवर. हे महत्त्वाचं, कारण ती चारा खात असताना मान खाली ताणलेली असते, तेव्हा कापलेली कोर ती मान उचलते तेव्हा भलतीकडेच गेलेली दिसते. कोणी तरी समोर उभं राहून तिचं लक्ष वेधून ठेवलं तर काम निम्मं होतं.

आता आयाळ नीट पाहा. मधोमध काळ्या केसांची पट्टी आहे, नॉर्वेजियनमध्ये तिला मिडस्टोल म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना पांढुरके केस. आधी सगळी आयाळ एकाच उंचीची समजून कोर काढून घ्या : मानेच्या मध्यावर ८ ते १० सेंटिमीटर, कानांकडे आणि खांद्याकडे हळूहळू कमी. यापेक्षा उंच ठेवलेली आयाळ स्वतःच्याच वजनाने एका बाजूला कलते. कोर जमली की दुसरी फेरी. बाहेरचे पांढरे केस कंगव्याने बाजूला ओढा आणि काळ्या पट्टीपेक्षा एक ते दीड सेंटिमीटर खाली कापा, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. काळी कड वर उठून दिसते ती अशी. प्रत्येक वेळी थोडंच कापा, चार पावलं मागे जाऊन पाहा, पुन्हा कापा. लांब पात्याची सरळ कात्री वापरा. मशिनने पायऱ्या पडतात आणि त्या बुजवता बुजवता आयाळ दोन बोटं उरते.

कानांमागे मोरकीचा पट्टा बसेल एवढीच, दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी करा. कपाळावरची झुलपं आणि शेपूट तशीच राहू द्या. दर तीन-चार आठवड्यांनी हात फिरवावा लागतो. प्रदर्शन असेल तर दोन-तीन दिवस आधी कापा, त्याच दिवशी सकाळी नको. ताज्या कापाच्या खाचा उन्हात लांबून दिसतात.

आत्ता जे झालंय त्याला इलाज एकच : मधले केस वाढू द्या आणि तोवर फक्त दोन्ही टोकं आखूड करत राहा.

खोगीर सारखं पुढे सरकतं. पोटाखालचा तंग आणखी आवळला, खाली जाड नमदा घातला, तरी तेच. (युट्रेक्ट)

तंग आवळून खोगीर थांबत नाही, घोड्याचा श्वास मात्र अडतो. कारण घोड्याच्या बांध्यात आहे. फ्योर्डच्या मानेच्या मुळाशी खांद्यावर जो उंचवटा असतो तो बुटका आणि रुंद असतो, छाती पिंपासारखी गोल. खोगिराला अडायला काही नसतं. त्यात कोपराच्या लगेच मागे, म्हणजे बरीच पुढे, छातीची घळ असते. तंग आपोआप त्या घळीत जाऊन बसतो आणि खोगिराला सोबत खांद्यावर ओढून नेतो.

आधी मोजमाप. वाकवला की तसाच राहणारा जाडसर तार घ्या, शिंप्याचा वाकता रूळ असेल तर उत्तम. खांद्याच्या हाडाची मागची कड बोटांनी चाचपून शोधा, तिच्या चार-पाच सेंटिमीटर मागे तार पाठीवर दाबून आकार घ्या आणि तो पुठ्ठ्यावर उतरवून कापा. हा पुठ्ठा खोगिराच्या सांगाड्याखाली धरून पाहा. पुठ्ठ्याची टोकं सांगाड्याबाहेर पसरत असतील तर खोगीर अरुंद आहे. अरुंद खोगिराखाली जाड नमदा घालणं म्हणजे घट्ट सदऱ्याच्या आत स्वेटर चढवणं. दाब वाढतोच.

खोगिराच्या गाद्यांमधली पोकळी तीन ते चार बोटं रुंद हवी आणि गाद्यांचं मागचं टोक शेवटच्या बरगडीच्या पलीकडे जाता कामा नये. फ्योर्डची पाठ आखूड असते, त्यामुळे मोठ्या माणसाच्या मापाचं खोगीर इथे हमखास मागे उतरतं. मग तंगाकडे वळा. कोपरांमागे आत वळलेला, चंद्रकोरी आकाराचा तंग घेतला आणि खोगिराच्या पुढच्या टोकापासून निघणाऱ्या पट्ट्याला तो बांधला तर ओढ पुष्कळ कमी होते.

एवढं करूनही उतारावर खोगीर सरकत असेल तर दुमची, म्हणजे खोगिराला मागून धरून ठेवणारा शेपटीखालचा पट्टा, लावा. दुमचीचा शेपटीखालचा भाग गुबगुबीत आणि स्वच्छ हवा. पट्टा आणि पाठ यांच्यामध्ये आडवा हात सहज जावा. सर्वांत जास्त गडबड होते ती केसांमुळे : शेपटीचे दोन-चार केस दुमचीत अडकले की शांत घोडासुद्धा मागचे पाय झाडतो आणि मालक म्हणतो, याला दुमची चालत नाही. शेपूट उचला, सगळे केस बाहेर काढा, मगच बक्कल लावा. पहिले तीन-चार दिवस नुसती बांधून पाच-दहा मिनिटं हातात धरून चालवा.

अर्ध्या तासाच्या कामानंतर खोगीर काढलं की घाम पाहा. दोन्ही बाजूंना सारखा ओलसर ठसा असेल तर ठीक. ओल्या भागात मधेच तळहाताएवढा कोरडा डाग दिसला तर तिथे दाब पडतोय. काळ्या-तांबड्या घोड्यावर अशा जागी पुढे पांढरे केस उगवतात आणि चूक चारचौघांत दिसते. फिकट रंगाच्या फ्योर्डवर ते लपून जातात, म्हणून पाठीवर रोज बोटं फिरवा. हा घोडा सोसत राहतो. तो कुरकुरत नाही याचा अर्थ दुखत नाही, असा घेऊ नये.

दुकानदाराने लगामाची जाड कडी 'तोंडाला मऊ' म्हणून दिली. घोडा सारखी चघळतो आणि डोकं झटकतो. (युट्रेक्ट, त्याच पत्रातून)

जाड म्हणजे मऊ, हा समज या जातीत महागात पडतो. फ्योर्डची जीभ मांसल आणि टाळू खाली असतो. तोंडात जागाच नाही, तिथे १८-२० मिलिमीटरची कडी कुठे मावणार? १२ ते १४ मिलिमीटरची पाहा. रुंदीसाठी ओठांच्या कोपऱ्यांतून एक गुळगुळीत काठी आडवी धरून दोन्ही बाजूंना खूण करा आणि मापात अर्धा ते एक सेंटिमीटर मिळवा. त्याच वेळी कपाळपट्टी तपासा. फ्योर्डचं डोकं आखूड पण कपाळ रुंद. गालपट्ट्या मध्यम मापाच्या लागतात, कपाळपट्टी मात्र मोठ्या घोड्याची. आखूड कपाळपट्टी पूर्ण लगाम पुढे ओढून कानांच्या मुळाशी रुतवते. डोकं झटकण्याचं कारण बऱ्याचदा तोंडात नसून कानामागे सापडतं. तरीही थांबलं नाही तर दात तपासून घ्या.

तीन वर्षांचा नर, स्वभावाने गरीब, पण गवत दिसलं की मान वळवून चालू लागतो आणि मला फरफटत नेतो. (ओस्लो)

त्याला कळलंय की मान ताठ करून खांदा पुढे टाकला की माणूस हरतो. सरळ रेषेत ४५० किलोशी रस्सीखेच तुम्ही जिंकणार नाही, म्हणून ती खेळूच नका. साडेतीन मीटरची दोरी, हातमोजे, आणि दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही. त्याच्या खांद्याच्या रेषेत नव्हे, कानाच्या रेषेत चाला. तो पळायच्या आधी एक क्षण कान गवताकडे वळतो आणि मान कडक होते. त्याच क्षणी डोकं तुमच्या बाजूला आडवं वळवून घ्या. वळलेल्या मानेने घोड्याला जोर लावता येत नाही. मागचे पाय बाजूला सरकले की दोरी लगेच सैल सोडा. सैल दोरी हेच बक्षीस. खांदा एकदा पुढे निघून गेला तर उशीर झाला, तेव्हा गोल फिरवून पुन्हा सुरुवात करा.

सराव आधी गवत नसलेल्या अंगणात, दिवसातून दोनदा, दहा मिनिटं. मग गवताच्या कडेला. हातातून गाजर देणं बंद करा, हवं तर बादलीत द्या. नाही तर ओढण्याच्या जागी चावणं सुरू होतं. या वयात पाठीवर बसायची घाई नको. ही जात सावकाश भरते. हलकं काम तीन-चार वर्षांपासून चालेल, पूर्ण ओझं मात्र पाच-सहा वर्षांनंतरच.

घोडी गाडीला जुंपायची आहे. किती दिवस लागतील, आणि ती किती ओढेल? (मिनेसोटा)

दिवस मोजू नका, पायऱ्या मोजा. साज अंगावर घालून नुसतं उभं राहणं, मग लांब लगामाने मागून चालत हाकणं. वळणं, थांबणं आणि एक मिनिट स्तब्ध उभं राहणं पक्कं होईपर्यंत पुढे जायचं नाही. मग जोताचे, म्हणजे गाडी ओढायचे, पट्टे दोन माणसांनी मागून हातात धरून हलका ताण द्यायचा. त्यानंतर रिकामा टायर. टायरचा आवाज तिने आधी ऐकलेला हवा, म्हणून आधी तो दुसऱ्याने तिच्या पुढून ओढत न्यावा, मग बाजूने, मग मागून. पुढे दोन बांबू दांड्यांसारखे कुशींना घासू द्यायचे, विशेषतः वळताना, कारण घोडं बिथरतं ते बहुधा पहिल्यांदा दांडा कुशीला लागतो तेव्हा. सगळं बिनबोभाट झालं की हलकी दुचाकी गाडी, सपाट जमीन, डोक्याशी एक माणूस, दहा मिनिटं.

साजात दोन गोष्टी बघा. छातीपट्टा वापरणार असाल तर जोत बांधायचा आडवा दांडा मधोमध खिळीवर फिरता हवा. घोड्याचे खांदे आलटून पालटून पुढे जातात. दांडा पक्का असेल तर पट्टा खांद्यावर मागे-पुढे घासून कातडी सोलतो. जड ओढकामाला गळ्यातला पूर्ण कॉलर चांगला. तो मानेच्या बाजूंना बसता हवा, पण खाली श्वासनलिकेपाशी आडवा हात जायला हवा. ही जाडजूड मान उन्हाळ्यात चरून आणखी फुगते, हिवाळ्यात उतरते. त्यामुळे एकदा बसवलेला कॉलर वर्षभर बसेलच असं नाही. दुसरं म्हणजे पुठ्ठ्यामागचा, म्हणजे मागच्या मांड्यांभोवतीचा पट्टा. उतारावर गाडीचं वजन तोच पेलतो. तो नसला तर गाडी घोडीच्या टाचांवर जाते.

जुंपताना क्रम असा : दांडे कड्यांत, मग जोत, मग पुठ्ठ्याचा पट्टा. सोडताना आधी पुठ्ठ्याचा पट्टा, मग जोत, शेवटी गाडी मागे. घोडी गाडीला जुंपलेली असताना तिचा लगाम कधीही काढायचा नाही, एका मिनिटासाठीही नाही. झापडं असलेला लगाम उतरला की तिला अचानक मागे चिकटलेली गाडी दिसते. त्यानंतर ती थांबत नाही.

ओढण्याचा ढोबळ हिशेब : दिवसभराच्या कामात घोड्याने स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा जोर लावावा. ४५० किलोच्या घोडीला तो ४५ किलो. मातीवरून फरफटणाऱ्या ओंडक्याला त्याच्या वजनाच्या जवळपास निम्मा जोर लागतो, म्हणजे ९० किलोचा ओंडका. चाकांवर, सपाट पक्क्या रस्त्यावर हाच जोर कित्येक पट वजन हलवतो. पण मऊ मातीत किंवा चढावर हा हिशेब लागलीच कोसळतो.

प्रदर्शनात घोडा लठ्ठ असला तर छाप पडते का? रंगाला गुण असतात का? (ओस्लो)

लठ्ठपणा दुरून रुबाबदार दिसतो, हे खरं. आणि तिथेच या जातीचं नुकसान झालंय, असं आमचं मत. फ्योर्ड थोड्या चाऱ्यावर जगायला घडलेला आहे. कुरणावर मोकळा सोडला की खुरांच्या आतली सूज, म्हणजे लॅमिनायटिस, फार दूर नसतो. छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११८८० म्हणजे वजन किलोत. घेर १८०, लांबी १६० असेल तर ४३६ किलो. ओलावा वगळून वजनाच्या दीड टक्का चारा, म्हणजे ओलावा धरून त्याला वाळलं गवत दिवसाला साधारण साडेसात किलो, तेही तोलून. याहून कमी करायचं तर पशुवैद्याला विचारूनच. लठ्ठ घोड्याला एकदम उपाशी ठेवलं तर रक्तात चरबी उतरून जीव जाऊ शकतो.

रंग पाच : तपकिरी, तांबूस, करडा, पांढुरका आणि पिवळा. त्यांना नॉर्वेत १९२२मध्ये अधिकृत नावं मिळाली. बहुतेक घोडे तपकिरी छटेचे असतात. त्यामुळे दुर्मीळ रंगाचं कौतुक होतं, पण परीक्षक बघतात ते पाय, खूर, चाल आणि जातीचं डोकं. कपाळावर छोटा टिळा चालवून घेतात, पायावर पांढरा मोजा नको. अंगावर बारीक गडद ठिपके असतील तर ते डाग समजून घासत बसू नका. १८९१मध्ये जन्मलेल्या न्योल नावाच्या नराच्या नावाने ते ओळखले जातात आणि आजची सगळी जात त्याच्याच वंशातली आहे.

उभं करताना परीक्षकाकडचे दोन पाय बाहेर पसरलेले आणि पलीकडचे दोन त्यांच्या आत, म्हणजे चारही एका नजरेत दिसतात. दुडकीत तुम्ही घोड्याच्या पुढे नव्हे, खांद्याशी धावा आणि दोरी सैल ठेवा. ताणलेल्या दोरीने डोकं तुमच्याकडे वळतं आणि चाल वाकडी दिसते.

पुण्याजवळ शेतघर आहे. एक फ्योर्ड आणता येईल का? (पुणे)

आणू नये. दाट दुहेरी केसांचं हे जनावर थंड, ओल्या डोंगरांसाठी आहे, एप्रिल-मेच्या उन्हात ते नुसतं धापा टाकेल. मुलांना ठेंगणा, काटक घोडाच हवा असेल तर भीमथडीचं तट्टू इथल्याच मातीतलं आहे. पाठीचं माप मात्र त्याचंही पुठ्ठ्यावर घ्या.