देवाच्या गेममध्ये चांगला देव व्हावं की दुष्ट?
'ब्लॅक अँड व्हाइट' (२००१) हा देव होऊन गावं सांभाळायचा कॉम्प्युटर गेम पहिल्यांदाच खेळताय ना? मग चांगला देवच व्हा, पण कष्टाची तयारी ठेवा. गावकरी सारखं धान्य मागतात, लाकूड मागतात. सरपंच झाल्यासारखं वाटतं! वाईटात काम झटपट: वेदीवर माणूस बळी दिला की शक्ती लगेच मिळते, आगीचे गोळे फेकले तरी गाव घाबरून विश्वास ठेवतं.

मला ते जमलंच नाही. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा घागर घेऊन रांगेत उभा होतो. शेतावर पाऊस पाडायचा चमत्कार हातात आल्यावर गाव कशाला जाळू? गेममध्ये तुम्ही पाळलेल्या प्राण्यानं माणूस खाल्ला की मात्र लगेच चापट मारा, नाहीतर त्याला तीच सवय लागते.