एक भाषा बंद करू का?

"वीस महिन्यांचा झाला, पण दहा-बाराच शब्द बोलतो. घरात दोन भाषा, म्हणून गोंधळतोय म्हणे. एक बंद करू का?" एका आईचा प्रश्न. बाबांची मातृभाषा वेगळी. नातेवाइकांचं ऐकून ते मुलाशी जेवढ्यास तेवढंच बोलू लागले होते आणि त्या वेळात आईच्या भाषेतल्या बालगीतांचे व्हिडिओ लावले जात. मला शब्दांपेक्षा या गप्प झालेल्या बाबांची काळजी वाटली.

आईने वहीत यादी करून आणली होती, पण त्यात शब्द फक्त तिच्या भाषेतले! बाबांच्या भाषेतले धरल्यावर यादी जवळपास दुप्पट झाली. अशा मुलांचे शब्द दोन्ही भाषा मिळूनच मोजायचे असतात. दोन भाषा कानावर पडल्याने भाषाविकार होत नाही.

तेवढ्यात मुलाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं, वळून आईकडे पाहिलं आणि म्हणाला, "आ!"

"म्हण बघू, घ-ड्या-ळ!" आई म्हणाली.

त्याने तोंड फिरवलं. मला मात्र ते बोट आणि ती नजर पाहून हायसं वाटलं. दुसऱ्यालाही दाखवावं, ही ओढ संवादाचा पाया आहे. तो दाखवत होता आणि आपण त्याची परीक्षा घेत होतो. (हल्ली हे घरोघरी दिसतं.) "हो, घड्याळ! टिकटिक करतंय," एवढं म्हणून थांबायचं. पुढची पाळी त्याची.

व्हिडिओंबद्दल, बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कुल यांचा २००३चा प्रयोग सांगितला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी समोर बसून मँडरिन चिनी भाषेत बोलल्यावर ती त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. तेच व्हिडिओवर दाखवलं, तेव्हा शिकली नाहीत. म्हणजे बाबांची जागा पडदा घेऊ शकत नव्हता, मग भाषा कुठलीही असो.

तरी श्रवणचाचणी करायला सांगितलीच. मूल हाकेला ओ देतं म्हणून त्याला सगळं नीट ऐकू येतं असं नसतं. शिवाय बजावलं, की येत असलेले शब्द गळू लागले तर एक दिवसही थांबू नका. "मुलगे उशिराच बोलतात" यावर विसंबून वर्ष घालवलेले पालक मी पाहिले आहेत.

चाचणी ठीक आली. व्हिडिओ बंद झाले, बाबा बोलते झाले, शब्दही वाढले. पण दोन वर्षांचा होऊनही दोन शब्द जोडेना, म्हणून वाचा-भाषातज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनीही दोन्ही भाषा चालू ठेवायला सांगितल्या.