उजेड एकदाच ठरव

प्रिय मुली,

तुझ्या दोन्ही चित्रांचे फोटो पाहिले. तळहाताएवढ्या रेखाटनात जीव आहे आणि मोठ्या कॅनव्हासमध्ये नाही, हे तुला स्वतःला दिसलं, म्हणून लिहायला बसलो. पण कारण शोधलंस ते चुकीचं. म्हणे डिटेल कमी पडलं! अगं, चित्रात उजेड दोन झालेत. झाडांच्या सावल्या सकाळच्या, लांबलचक. वाटेवरच्या दगडांच्या मात्र भर दुपारच्या, पोटाखाली गोळा झालेल्या. ते दगड दुसऱ्याच कुठल्यातरी फोटोतून उचललेस ना? खरवडून काढ.

उजेड एकदाच ठरवायचा, आणि तोही जागेवर. सूर्य तासाला 15 अंश सरकतो. तू दोन तास बसणार आणि सरकणाऱ्या सावलीमागे ब्रश घेऊन धावणार, मग चित्रात सकाळही राहत नाही आणि दुपारही. फ्रान्सचा निसर्गचित्रकार व्हालांसिएन तर बजावायचा की जागेवरचं अभ्यासचित्र दोन तासांत आटपा आणि सूर्योदय-सूर्यास्ताचं अर्ध्या तासात.

म्हणून आधी डोळे बारीक करून बघ. पानं, फांद्या, गवत सगळं विरघळतं आणि उरतात तीनच टोन: उजळ, मधला, गडद. ते पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मांड. कुठला गडद आकार कुठल्या उजळ आकाराला टेकतो, एवढंच. रंगाचा विचार नंतर. हा कागद घरी कॅनव्हासशेजारी टाचायचा आणि अडलं की फोटोकडे नाही, त्याच्याकडे बघायचं. फोटोला सगळंच सारखं महत्त्वाचं वाटतं, तुला वाटून चालणार नाही.

रेखाटनाचं पक्कं चित्र करणं म्हणजे भर घालणं, हे कुणी शिकवलं तुम्हाला? इंग्लिश चित्रकार कॉन्स्टेबलनं 1821 च्या 'द हे वेन' या निसर्गचित्रासाठी आधी जवळजवळ तेवढ्याच आकाराचं, सहा फुटी कच्चं तैलचित्र केलं. त्यात कुत्र्याजवळ एक घोडेस्वार आहे, पक्क्या चित्रात तो गायब. एवढा मोठा कच्चा खर्डा करून माणूस शेवटी काढून टाकतो! आणि तू दगड वाढवतेस.

माझं म्हणशील तर, माझ्या झाडांची पानं मोजता येत नाहीत म्हणून एका गॅलरीनं चित्रं 'अपुरी' ठरवून परत पाठवली होती. मी एकही पान वाढवलं नाही. घरचेही हट्टी म्हणाले. असेन. चार पानं काढून दिली असती तर विकली गेली असती, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि कधीकधी अजून वाटतं की द्यायला हवी होती. पण त्या चित्रांतली संध्याकाळ संध्याकाळच आहे. उजेड एकदाच ठरवला होता.

रागावलो असं समजू नकोस. तुझं आकाश छान उतरलंय, त्याला हात लावू नकोस. बाकीचं सगळं त्या आकाशाच्या उजेडात पुन्हा तपास. नव्या कॅनव्हासवर चौकटी आखून रेखाटन मोठं करणार असशील तर पेन्सिल हलकी ठेव. पातळ थरातून ग्राफाइटच्या रेघा वर दिसत राहतात.